हृदयातली जाळरेषा

आठवीच्या वर्गात नाडी मोजण्याचा प्रयोग आपण बहुतेक सर्वच जण घेतो. एक घड्याळ, एक मनगट आणि तीन बोटे, एवढेच साहित्य लागते. कोल्हापुरातील आमच्या शाळेत विज्ञान शिकवणारे एक ज्येष्ठ सर हा प्रयोग दरवर्षी स्वतःच्या हातावर करून दाखवीत. एका वर्षी त्यांनी तीन मुलांना आळीपाळीने आपली नाडी मोजायला सांगितली. उत्तरे आली ८८, १०४ आणि ७१. मुले घाईत मोजत असतील असे वाटून सरांनी पुन्हा मोजायला लावले. तेव्हा पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, मोजायलाच येईना झालंय. दोन ठोके लगोलग येतात, मग एक येतच नाही."

मुलगी चुकली नव्हती. दुसऱ्या दिवशी काढलेल्या कार्डिओग्रामने तिचे म्हणणे खरे ठरवले. सरांना 'एट्रियल फिब्रिलेशन' नावाचा हृदयाच्या लयीचा विकार होता. वर्षभर गोळ्या घेऊनही धडधड आणि थकवा जाईना, म्हणून पुढे त्यांच्यावर ॲब्लेशन करण्यात आले. "आत थोडं जाळून आलोय," असे ते हसत सांगत. पण तीन आठवड्यांनी धडधड पुन्हा सुरू झाली. सरांनी दोन निष्कर्ष काढले. एक, उपचार फसला. दोन, आता रक्त पातळ करण्याची गोळी घेण्यात काही अर्थ नाही. पहिला निष्कर्ष चुकीचा होता, दुसरा धोक्याचा. असे का, हे समजण्यासाठी हृदयाच्या आतल्या विजेची थोडी ओळख करून घ्यायला हवी.

लयीचा मूळ धनी

हृदयाचे चार कप्पे आपल्या परिचयाचे आहेत. वरच्या दोन कर्णिका आणि खालच्या दोन जवनिका. काही पुस्तकांत त्यांनाच अलिंद आणि निलय म्हटलेले आढळेल. उजव्या कर्णिकेच्या माथ्याशी, जिथे वरची महाशीर येऊन मिळते, तिथे काही खास पेशींचा पुंजका असतो. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक या दोघांनी १९०७ साली तो शोधला. या पेशींना बाहेरून कोणी हुकूम द्यावा लागत नाही. त्या आपल्या आपण ठरावीक काळाने विद्युत संदेश सोडतात. हा संदेश दोन्ही कर्णिकांवर पसरला, की त्या आकुंचन पावतात आणि त्यांतील रक्त जवनिकांत उतरते.

कर्णिका आणि जवनिका यांच्यामध्ये वीज न वाहणाऱ्या तंतूंची भिंत असते. त्या भिंतीत एकच दार आहे. हे दार म्हणजे पेशींचा दुसरा पुंजका. सुनाओ तवारा या जपानी शास्त्रज्ञाने १९०६ साली त्याचे वर्णन केले. संदेश या दाराशी सेकंदाचा सुमारे दहावा भाग थबकतो. तेवढ्या वेळात कर्णिका रिकाम्या होतात आणि मग जवनिका आकुंचन पावतात. मिनिटाला ७२ ठोके धरले, तर दिवसाला १,०३,६८० वेळा हे असेच, याच क्रमाने घडते. मुलांना हा गुणाकार जरूर करायला सांगावा.

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये या मूळ धन्याचा ताबा सुटतो. कर्णिकांच्या भिंतीत मिनिटाला ३५० ते ६०० इतक्या वेगाने विजेच्या लाटा वाटेल तशा फिरू लागतात. कर्णिका धड आकुंचन पावत नाहीत, नुसत्या थरथरतात. सुदैवाने मधले दार सगळ्या लाटा खाली जाऊ देत नाही. जेवढ्या जातात, त्या मात्र कुठल्याही अंतराने जातात. त्यामुळे जवनिकांचा ठोका जलद आणि पूर्णपणे अनियमित होतो. दोन ठोके फारच जवळ पडले, तर दुसऱ्या ठोक्याच्या वेळी जवनिकेत पुरेसे रक्त भरलेलेच नसते. तो ठोका छातीवर ऐकू येतो, पण मनगटापर्यंत पोहोचत नाही. वर्गातल्या मुलीला 'न आलेला' ठोका तो हाच.

एवढ्यावर भागले असते, तर हा केवळ त्रासदायक आजार ठरला असता. खरा धोका वेगळाच आहे. वाहत्या नदीत शेवाळ धरत नाही, पण काठच्या डबक्यात धरते. डाव्या कर्णिकेला पिशवीसारखा एक लहान कोपरा असतो. कर्णिका नुसती थरथरत असेल, तर या कोपऱ्यातले रक्त साचून राहते आणि तिथे गुठळी धरू शकते. ती सुटून मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकली, की पक्षाघाताचा झटका येतो. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावी अनेक दशके चाललेल्या पाहणीत असे आढळले, की या विकारात पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो. रक्त पातळ करण्याची गोळी दिली जाते ती यासाठीच. तिला आपण तसे म्हणतो खरे, पण तिने रक्त पातळ होत नाही. रक्ताची गुठळी धरण्याची प्रवृत्ती तेवढी कमी होते.

वर्गात करून पाहा

विजेची लाट हृदयात गोल गोल कशी फिरत राहते? हे दाखवायला उपकरण लागत नाही, मैदान पुरते. तीस मुलांना हात धरून गोल उभे करा. नियम दोनच. एका बाजूचा हात दाबला गेला, की दुसऱ्या बाजूच्या शेजाऱ्याचा हात दाबायचा. आणि एकदा दाबल्यावर मनात पाचपर्यंत मोजून होईस्तोवर कोणी हात दाबला तरी दाद द्यायची नाही. हृदयाच्या पेशीसुद्धा एकदा उद्दीपित झाल्या, की थोडा वेळ अशीच विश्रांती घेतात.

आता एका मुलाला एकदम दोन्ही शेजाऱ्यांचे हात दाबायला सांगा. दोन लाटा दोन्ही बाजूंनी निघतील, समोरच्या टोकाला भेटतील आणि तिथेच विझतील. पुढे गेलेल्या दोन्ही वाटांवरची मुले विश्रांतीत असतात, म्हणून असे होते. निरोगी ठोका असाच पसरतो आणि संपतो. नंतर त्याच मुलाला फक्त उजवीकडचा हात दाबू द्या. लाट फेरी पूर्ण करून त्याच्याकडे परत येईल. तोवर त्याची विश्रांती संपलेली असल्याने ती पुढे जाईल आणि फिरतच राहील. जॉर्ज माइन्स या तरुण शास्त्रज्ञाने १९१३-१४ च्या सुमारास हृदयाच्या स्नायूच्या कड्यावर अशी फिरती लाट दाखवून दिली होती.

आणखी दोन बदल करून पाहा. गोल पाचच मुलांचा करा. पहिल्या मुलाची विश्रांती संपायच्या आतच लाट परत येते आणि विझते. म्हणजे फिरत्या लाटेला जागा लागते. कर्णिका ताणून मोठी झाली, की हा विकार का चिकटून बसतो, याचे उत्तर इथे आहे. दुसरा बदल असा, की मोठ्या गोलात लाट फिरत असताना दोन शेजाऱ्यांना हात सोडायला सांगा. लाट तिथे येऊन थांबते. ॲब्लेशन म्हणजे दुसरे काही नाही, योग्य ठिकाणी सोडवलेले हात. मात्र ते हात पुन्हा जुळले, तर लाटेला वाट मोकळी होते. हा मुद्दा लक्षात असू द्या, तो पुढे कामाला येणार आहे.

ठिणगी कुठून पडते?

लाटा कशा फिरतात हे कळले, तरी पहिली ठिणगी कुठून पडते हे बराच काळ नक्की ठाऊक नव्हते. अमेरिकेतील शल्यविशारद जेम्स कॉक्स यांनी १९८७ मध्ये छाती उघडून कर्णिकांवर चक्रव्यूहासारखे छेद घेण्याची शस्त्रक्रिया केली. लाटेला गोल फिरायला जागाच ठेवायची नाही, असा तिचा विचार होता. ती परिणामकारक ठरली, पण फार मोठी होती.

१९९८ साली फ्रान्समधील बोर्दो येथे मिशेल हायसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४५ रुग्णांच्या हृदयात ठिणगीचा माग काढला. त्यांना सापडलेल्या ६९ उगमस्थानांपैकी ९४ टक्के एकाच भागात होती. फुप्फुसांकडून शुद्ध रक्त डाव्या कर्णिकेत आणणाऱ्या चार शिरांच्या तोंडाशी! या शिरांच्या भिंतींवर कर्णिकेचा स्नायू बाहीसारखा थोडा आत गेलेला असतो. त्या बाहीतल्या पेशी अवेळी संदेश सोडत होत्या. या शोधाने उपचाराची दिशाच बदलली. ठिणगी प्रत्येक वेळी शोधत बसण्यापेक्षा शिरांच्या तोंडाभोवती कुंपण घातले, तर ती कर्णिकेत येणारच नाही.

राधानगरी-दाजीपूरच्या जंगलाशी परिचय असलेल्यांना ही कल्पना नवी वाटणार नाही. उन्हाळ्यातले वणवे पसरू नयेत, म्हणून वनखाते आधीच वाळक्या गवताचा पट्टा काळजीपूर्वक जाळून ठेवते. तिला जाळरेषा म्हणतात. वणवा तिथवर येतो आणि पुढे जळायला काही नसल्याने थांबतो. ॲब्लेशन ही हृदयातली जाळरेषा आहे.

रेषा कशी काढतात?

या उपचारात छाती उघडत नाहीत. जांघेतील शिरेतून कॅथेटर नावाची बारीक, लवचिक नळी उजव्या कर्णिकेपर्यंत नेतात. तिथून दोन कर्णिकांमधल्या पातळ पडद्याला सुईने छिद्र पाडून डाव्या कर्णिकेत शिरतात. संगणकावर कर्णिकेचा त्रिमित नकाशा तयार होतो आणि त्यावर पाहत शिरांच्या तोंडाभोवती बिंदूला बिंदू लावून रेषा काढली जाते.

जाळण्यासाठी बहुधा सेकंदाला सुमारे पाच लाख आवर्तनांचा प्रत्यावर्ती प्रवाह वापरतात. मध्यम लहरींच्या रेडिओ केंद्रांच्या अगदी शेजारची ही वारंवारता. इतक्या वेगाने दिशा बदलणाऱ्या प्रवाहाला स्नायू आणि चेता प्रतिसाद देऊ शकत नाहीत. त्यामुळे झटका बसत नाही, फक्त उष्णता निर्माण होते. इथे मुलांना विचारण्यासारखा एक छान प्रश्न आहे. हा प्रवाह कॅथेटरच्या टोकातून शरीरात शिरतो आणि मांडीवर किंवा पाठीवर लावलेल्या मोठ्या चिकट पट्टीतून बाहेर पडतो. प्रवाह तोच, मग भाजते फक्त टोकाशीच का? उत्तर क्षेत्रफळात आहे. टोक काही मिलिमीटरचे, पट्टी तळहाताहून मोठी. टोकाशी प्रवाहाची घनता प्रचंड असते, पट्टीपाशी अगदी कमी. टोकाजवळच्या ऊतीचे तापमान पन्नास अंश सेल्सिअसच्या वर गेले, की त्या पेशी कायमच्या मरतात.

शिरेच्या तोंडात फुगा बसवून अतिशीत वायूने पेशी गोठवणे, ही दुसरी पद्धत आहे. अलीकडे तीव्र विद्युत क्षेत्राच्या अतिसूक्ष्म स्पंदांनी पेशींच्या आवरणाला छिद्रे पाडण्याची तिसरी पद्धतही वापरात आली आहे. ती हृदयाच्या स्नायूला लवकर लागू पडते आणि शेजारच्या अन्ननलिकेला बरीचशी वाचवते.

नंतरचे तीन महिने

आता सरांच्या पहिल्या निष्कर्षाकडे वळू. जाळरेषा काढल्या काढल्या हृदयात काय असते? मेलेल्या पेशी, त्यांच्या कडेला नुसत्याच होरपळलेल्या पेशी, सूज आणि दाह. सुजलेला स्नायू चिडखोर असतो आणि स्वतःच अवेळी ठोके निर्माण करतो. मेलेल्या पेशींच्या जागी पक्का, वीज न वाहणारा वण तयार व्हायला आठवडे लागतात. म्हणून पहिल्या दोन ते तीन महिन्यांत धडधड परत आली, तर डॉक्टर तिला लगेच अपयश मानत नाहीत. या काळात लयीची गोळी चालू ठेवतात, क्वचित विजेचा झटका देऊन लय सरळ करतात आणि वाट पाहतात. सरांच्या तिसऱ्या आठवड्यातल्या धडधडीचा अर्थ एवढाच होता, की निकाल अजून लागायचा आहे.

निकाल नेहमी अनुकूलच लागतो असेही नाही. अधूनमधून येणाऱ्या विकारात वर्षाअखेर साधारण दहापैकी सात जणांची लय सरळ राहते. सतत टिकून राहिलेल्या विकारात हे प्रमाण कमी असते. विकार परतण्याचे नेहमीचे कारण म्हणजे रेषेतली फट. होरपळलेल्या पेशींपैकी काही पुन्हा जिवंत होतात आणि सुटलेले हात परत जुळतात. अशा वेळी दुसऱ्यांदा ॲब्लेशन करून फट बुजवावी लागते.

या दिवसांत आणखी काय जाणवू शकते? जांघेत काळेनिळे पडणे, खोल श्वास घेताना छातीत दुखणे आणि लवकर थकवा येणे या गोष्टी काही दिवसांत ओसरतात. नाडीचा वेग पूर्वीपेक्षा दहा-पंधरा ठोक्यांनी वाढलेला राहतो, कारण हृदयाला आवर घालणाऱ्या चेतांचे काही तंतूही रेषेत सापडलेले असतात. त्याची काळजी नको. शंभरात दोन-चार जणांना मात्र गंभीर गुंतागुंत होते. हृदयाभोवती रक्त साचणे किंवा पक्षाघात होणे ही तिची उदाहरणे. ती बहुधा रुग्णालयातच लक्षात येते. एक गोष्ट मात्र घरी आल्यावर घडते. डाव्या कर्णिकेच्या अगदी मागे अन्ननलिका असते. तिला पोहोचलेली इजा अतिशय विरळा, पण जिवावर बेतणारी ठरते आणि ती एक ते आठ आठवड्यांनी उघड होते. ताप, गिळताना दुखणे, छातीत दुखणे, हातापायातील शक्ती जाणे किंवा बोबडी वळणे यांपैकी काही झाले, तर गावातल्या दवाखान्यात तापाची गोळी घेऊन थांबू नये. जिथे उपचार झाला, तिथे तत्काळ कळवावे.

लय सरळ, मग गोळी कशाला?

सरांचा दुसरा निष्कर्ष धोक्याचा का, हे आता सांगता येईल. नुकतीच जाळलेली रेषा म्हणजे कर्णिकेच्या आतल्या गुळगुळीत अस्तरावरची जखम. जखमेवर रक्त गोठते, हा त्याचा स्वभावच आहे. शिवाय होरपळलेली कर्णिका काही काळ जोराने आकुंचन पावत नाही. म्हणजे ॲब्लेशननंतरचे पहिले आठवडे गुठळीच्या दृष्टीने अधिक जोखमीचे असतात. म्हणून रक्त पातळ करण्याची गोळी निदान दोन-तीन महिने सर्वांनाच घ्यावी लागते.

त्यापुढचा निर्णय धडधड थांबली की नाही यावर ठरत नाही. वय, उच्च रक्तदाब, मधुमेह, हृदयाची दुर्बलता, पूर्वी झालेला पक्षाघात यांची बेरीज करून तो डॉक्टर ठरवतात. कारण असे, की हा विकार पुष्कळदा काहीही न जाणवता येतो आणि जातो. रुग्णाला 'बरे वाटते' याचा अर्थ लय सतत सरळ आहे, असा होत नाही. सरांच्या मुलीने डॉक्टरांना फोन केला आणि चार दिवसांनी गोळी पुन्हा सुरू झाली. ते चार दिवस सुखरूप गेले, हे नशीब.

जाळरेषा एकदा काढली म्हणून जंगलाची निगा संपत नाही. गवत पुन्हा वाढते. रक्तदाब, वाढलेले वजन, मधुमेह, मद्यपान आणि झोपेत श्वास अडकवणारे घोरणे यांमुळे कर्णिका ताणली जाते आणि तिच्यात तंतू वाढतात. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे राजीव पाठक, प्रशांतन सँडर्स आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवून दिले, की ॲब्लेशननंतर या गोष्टी कसोशीने आटोक्यात ठेवणाऱ्यांची लय इतरांपेक्षा कितीतरी अधिक काळ टिकते.

आपल्याकडची गोष्ट

इथपर्यंतचे बरेचसे ज्ञान युरोप-अमेरिकेतल्या साठी-सत्तरीच्या रुग्णांवरून आलेले आहे. भारतातील २४ केंद्रांमधल्या सुमारे दीड हजार रुग्णांची नोंद इंडियन हार्ट ऱ्हिदम सोसायटीने घेतली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालात रुग्णांचे सरासरी वय सुमारे ५५ आढळले आणि जवळजवळ निम्म्यांच्या हृदयाच्या झडपा संधिवाती तापाने बिघडलेल्या होत्या. त्याआधी २००४ मध्ये अमित व्होरा, यश लोखंडवाला आदी मुंबईच्या डॉक्टरांनी अशा झडपांच्या १४४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यांचे सरासरी वय होते अवघे ३९! लय सरळ ठेवता आली, त्यांची काम करण्याची क्षमता सुधारली, असेही त्यात दिसले.

या रुग्णांची कहाणी शाळेच्या वयातच सुरू होते. स्ट्रेप्टोकोकस जिवाणूंमुळे मुलाचा घसा सुजतो. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, एकामागून एक सांधे सुजतात. शरीराची प्रतिकारशक्ती जिवाणूंशी लढताना स्वतःच्याच झडपांवर उलटते. पुढे काही वर्षांत डावीकडची झडप आकसते, तिच्यामागची कर्णिका ताणून मोठी होते, आणि मोठ्या गोलात लाट कशी टिकते हे आपण मैदानावर पाहिलेच. अशा रुग्णांत पक्षाघाताचा धोका पाचपट नव्हे, तर सुमारे सतरापट असतो. झडप आकसलेली असताना केवळ जाळरेषा काढून फारसे साधत नाही. आधी झडपेकडे पाहावे लागते. नव्या प्रकारच्या गोळ्याही इथे तितक्या उपयोगी ठरल्या नाहीत. आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील साडेचार हजारांहून अधिक रुग्णांवरच्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वॉरफरिनसारखी जुनी औषधेच सरस ठरली. ती घेताना रक्ताची नियमित तपासणी करावी लागते. मेथी-पालकासारख्या पालेभाज्या खायला हरकत नाही, पण त्यांचे प्रमाण रोजच्या आहारात साधारण सारखे ठेवावे लागते.

म्हणजे या आजाराची एक जाळरेषा रुग्णालयात निघते आणि दुसरी शाळेतच काढता येते. घसा दुखून ताप आलेल्या मुलाला वेळेवर डॉक्टरांकडे पाठवले आणि पेनिसिलिनचा उपचार पुरा झाला, तर संधिवाती ताप टळतो. सांधे सुजून बरेच दिवस गैरहजर राहिलेले मूल परत आले, तर त्याच्या हृदयाची तपासणी झाली का, हे पालकांना विचारावे. एकदा हा ताप येऊन गेलेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी इंजेक्शन अनेक वर्षे घ्यावे लागते. ते चुकत नाही ना, यावर शिक्षक लक्ष ठेवू शकतो. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासायच्या आजारांच्या यादीत झडपांचा हा विकारही आहे. तपासणी पथक शाळेत येईल, त्या दिवशी अशी मुले हजर असतील एवढे तरी पाहावे.

सर आता निवृत्त झाले आहेत. तीन महिने उलटल्यावर त्यांची धडधड थांबली. मध्यंतरी शाळेत आले, तेव्हा त्यांनी आठवीच्या वर्गात पुन्हा हात पुढे केला. तिघांची उत्तरे आली ७८, ७९ आणि ७८. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले, "ही झाली एका मिनिटाची गोष्ट. दिवसात अशी चौदाशे चाळीस मिनिटं असतात." आणि मग त्यांनी खिशातून गोळ्यांची पट्टी काढून मुलांना दाखवली.